सत्तरीतली लेखणी

बाईची साठी उलटली की घरच्यांच्या लेखी तिचं शरीर म्हणजे गुडघे, साखर आणि रक्तदाब! बाकी सगळं जणू पाळीबरोबरच संपलं. साठीतला पुरुष रंगेल बोलला तर तो ‘मूळचाच रसिक’. त्याच वयाच्या बाईने चार प्रेमकविता लिहिल्या, तर ‘आजींना या वयात हे काय सुचतंय?’ मला विचाराल तर हे सुचायचं खरं वय हेच. लग्न जमायचं नसतं, नोकरी टिकवायची नसते, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली असतात. खरं बोलायला आणखी कशाची वाट पाहायची?

पूर्वी हे सोपं नव्हतं. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं ते ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट त्यात होती, आणि तेवढ्यावरून केवढं वादळ उठलं! त्या तर तेव्हा तरुण होत्या. म्हातारीला कोण विचारतो?

पण म्हाताऱ्यांनीही लिहिलंय, मंडळी. मार्गरित द्यूरास या फ्रेंच लेखिकेने किशोरवयातल्या प्रेमसंबंधावरची ‘लामां’ ही कादंबरी १९८४ साली प्रसिद्ध केली तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. त्याच वर्षी तिला गाँकूर पुरस्कार मिळाला. आपल्या कृष्णा सोबतींनी पंचाहत्तरीच्या सुमारास ‘समय सरगम’मध्ये उतारवयातल्या सोबतीची गोष्ट सांगितली. आणि कॅलिफोर्नियातली जेन जुस्का तर माझ्यासारखीच निवृत्त शिक्षिका! तिने १९९९ साली, वयाच्या ६६व्या वर्षी, एका नामांकित साहित्यविषयक नियतकालिकात पुरुषसहवास हवा अशी सरळ जाहिरात दिली, आणि पुढे २००३ साली त्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं. त्यात फजितीही आहे, अपमानही आहेत. मला तिची जाहिरात झेपणार नाही, पण तिचा प्रामाणिकपणा मात्र हवासा वाटतो.

आपली खरी अडचण शब्दांची आहे. शरीराबद्दल बोलायला मराठीत आपल्या हाताशी दोनच भाषा उरल्यात. एक पाठ्यपुस्तकातली संस्कृत, दुसरी शिव्यांची. हळदीच्या गाण्यांत आणि मंगळागौरीच्या थट्टेत बायका मधल्या भाषेत बरंच काही बोलून जायच्या. आपण शिकलो, सभ्य झालो आणि ती भाषा गमावली. ती पुन्हा घडवायची तर लिहावंच लागेल.

आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने एकाहत्तराव्या वर्षी वहीत लिहायला घेतलं. यजमान जाऊन दहा वर्षं झालेली. चाळीस वर्षांच्या संसारात रात्री एकदाही दिवा लावला नव्हता, त्यामुळे नवऱ्याचा चेहरा त्या वेळी कसा दिसायचा ते आपल्याला कधी कळलंच नाही, असं तिने लिहिलं होतं. ते वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले. मुलाच्या हाती वही पडली. ‘नातवंडांनी वाचलं तर?’ एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून तिने लिहिणं सोडलं.

त्या वहीत अश्लील काय होतं, ते मला अजून समजलेलं नाही. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. म्हणून त्याच्यावर फिर्याद मांडू नये. पण आपल्याला काय हवं होतं, काय मिळालं, आजही काय आठवतं, ते तर आपलंच आहे ना? आणि तिच्या नातीने मोठेपणी ते वाचलं, तर ती दिवा लावायला लाजणार नाही. यात वाईट काय झालं?

तेव्हा मैत्रिणींनो, लिहा. कुणाला दाखवायलाच हवं असं नाही. आणि माझ्या भाच्यांनो, सुनांनो, लेकींनो, घरातल्या म्हातारीची वही सापडली तर तिला विचारल्याशिवाय वाचू नका. तिने वाचायला दिली, तर निदान ‘या वयात?’ असं विचारू नका.