अंगणातला रेडिओवाला

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे संगणकापुढे बसायला घरात बंदी होती, ती कालच उठली. लिहायला निमित्त नातवाचे. त्याने विचारले, "आबा, तो घराच्या अंगणात दुर्बीण बांधणारा माणूस कोण हो?"

मी भाषा आणि इतिहास शिकवलेला माणूस, विज्ञान माझा प्रांत नव्हे. 'हॅम रेडिओ' हा शब्दसुद्धा मी ऐकला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर. सास्तूरपासून किल्लारीपर्यंतची गावे पहाटे चारच्या सुमारास झोपेतच गाडली गेली. त्या दिवसांत हे हौशी रेडिओवाले आपापले संच घेऊन मदतीला आले होते. पदरमोड करून निरोप पोचवणारी ही कोण माणसे, याचे तेव्हा फार नवल वाटले.

ग्रोट रेबर त्यांच्याच जातकुळीतला. जन्म १९११, अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या व्हीटन गावचा. शाळकरी वयातच हौशी रेडिओचा परवाना मिळवला, पुढे इंजिनियर झाला. १९३३ साली कार्ल जान्स्कीने जाहीर केले की रेडिओत येणारी एक बारीक खरखर आकाशगंगेकडून येते आहे. खगोलशास्त्रज्ञांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. रेबरने जान्स्कीच्या बेल प्रयोगशाळेत नोकरी मागितली, पण दिवस मंदीचे, मिळाली नाही. मग १९३७ च्या उन्हाळ्यात त्याने आईच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या पैशाने ३१ फूट व्यासाची लोखंडी-पत्र्याची ताटली उभी केली. आई तिच्यावर कपडे वाळत घालत असे म्हणतात! (आई पूर्वाश्रमीची शिक्षिका, आणि एडविन हबल तिचा विद्यार्थी. हे वाचून मला उगीचच अभिमान वाटला.)

दिवसा तो नोकरी करी. मोटारींच्या ठिणग्यांचा आवाज यंत्रात येई म्हणून आकाश ऐकायचे ते रात्रीच. त्या काळच्या समजुतीप्रमाणे जास्त कंप्रतेवर आवाज मोठा यायला हवा होता. म्हणून आधी ३३०० मेगाहर्ट्झ घेतले. काही नाही. मग ९०० घेतले. तेथेही शांतता. दुसरा कोणी असता तर एक तर जान्स्कीला खोटे ठरवले असते, नाही तर ताटली मोडीत घातली असती. रेबरने समजूतच बाजूला ठेवली आणि १६० मेगाहर्ट्झवर यंत्र लावले. आकाशगंगा ऐकू आली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे रेडिओ-खगोलशास्त्र म्हणजे जगात हा एकटाच माणूस होता. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात ४५ मीटरच्या ३० ताटल्या उभ्या आहेत, त्याही साधारण १५० मेगाहर्ट्झपासून पुढे ऐकतात. गोविंद स्वरूप यांच्या या कामाआधी व्हीटनचे ते अंगण आहे.

आता माझे मत. 'स्वतंत्र विचार' हा शब्द आपण निरोपसमारंभात वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. मोबाईलवर रोज सकाळी कोणीतरी आइनस्टाइनला खोटे पाडतो, तोही स्वतःला स्वतंत्र विचाराचाच समजतो. त्याने पत्रा कापलेला नसतो की रात्र जागवलेली नसते. रेबरने आधी स्वतःचा अंदाज तपासायला काढला, तो दोनदा चुकला, आणि ते त्याने मान्य केले. माझ्या लेखी फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

तरीही तो सगळ्याच बाबतीत बरोबर होता असे नाही. १९५४ मध्ये तो टास्मानियाला गेला, तिकडेच रमला, आणि विश्व महास्फोटातून जन्मले हे त्याने कधीच मानले नाही. १९६५ मध्ये महास्फोटाच्या बाजूचा मोठा पुरावा मिळाला, तोही एका रेडिओ अँटेनातच! तरी हा पठ्ठ्या हटला नाही. येथे तो चुकला असे मला वाटते. शास्त्रज्ञांनी त्याचे हे म्हणणे स्वीकारले नाही, पण त्याचा मान कमी केला नाही. २० डिसेंबर २००२ ला तो गेल्यावर त्याच्या अस्थी जगातल्या अनेक रेडिओ वेधशाळांत ठेवल्या गेल्या. आपल्याकडे एक तर पाया पडायचे, नाही तर पाय ओढायचे. "तुमचे हे पटत नाही, पण बसा, चहा घ्या" हे आपल्याला जमत नाही. मलाही जमले नाही, हे लिहायलाच आज बसलो आहे.

१९७८-७९ ची गोष्ट असेल. शाळेत शैक्षणिक कार्यक्रमांसाठी एक रेडिओ होता आणि तो माझ्या ताब्यात असे. मधल्या सुट्टीत आठवीतल्या एका पोराने त्याचे मागचे झाकण काढलेले मला सापडले. "काय करतोस रे?" म्हणालो, तर घाबरून म्हणाला, "गुरुजी, खरखर कुठून येते ते बघत होतो."

मी त्याला दोन ठेवून दिल्या आणि तासभर वर्गाबाहेर उभे केले. त्याने काही मोडले आहे का, हे पाहिलेसुद्धा नाही. नंतर पाहिले तर सगळे स्क्रू त्याने कागदावर ओळीने मांडून ठेवले होते.

दहावीनंतर तो मुंबईकडे गेला, एवढेच कानावर आले. नाव येथे लिहीत नाही. पण गावाकडचे कोणी हे वाचत असेल तर ओळखेल. त्याचा फोन नंबर मिळाला तर मला कळवा.