घुसळलं की डोलवलं, तेही लिहायला लावा

मा. सचिव,
जैवतंत्रज्ञान विभाग, नवी दिल्ली यांस,



पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी फ्लो सायटोमीटर चालवते. ऊतींमधून मूलपेशी वेगळ्या करून देणं हे माझं काम. आकडे जुळले नाहीत की सगळे आधी माझ्या यंत्राकडे बघतात. इंजिनिअरला फोन जातो, लेझर तपासले जातात. यंत्राची तपासणी मी रोज सकाळी चाचणीचे मणी सोडून केलेली असते, आणि बहुतेकदा ते निर्दोषच निघतं. गडबड आधीच झालेली असते, पलीकडच्या टेबलावर, ऊती सुट्या करताना.

बर्कलीच्या मिना बिसेल आणि बोस्टनच्या कॉर्नेलिया पोल्याक यांच्या प्रयोगशाळांचा अनुभव आपल्याला ठाऊक असेल. दोघींकडे स्तनाच्या ऊतींमधल्या पेशी वेगळ्या केल्या जात होत्या. प्रोटोकॉल एकच, तरी आलेख जुळेनात. वर्ष उलटलं. शेवटी दोन्हीकडचे संशोधक एका टेबलाशी शेजारी शेजारी काम करायला बसले, तेव्हा कळलं: ऊती सुट्या करणारं कोलॅजिनेज हे विकर घातल्यावर एकीकडे ऊती ताकासारख्या घुसळत, तर दुसरीकडे पाळण्यासारख्या हळू डोलवत. २०१४ साली त्यांनी हे सगळं मोकळेपणानं छापलं. आपल्याकडे असं छापायला कुणी धजेल का, शंकाच आहे.

घुसळलं की डोलवलं, एवढ्यानं फरक का पडावा? आम्ही पेशी ओळखतो ती तिच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून. ट्रिप्सिन हे दुसरं विकर जरा जास्त वेळ राहिलं की त्यातली काही प्रथिनं कापली जातात. पेशी असते, पण यंत्राला ती ओळखू येत नाही. जोरात घुसळलं तर नाजूक पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींना नको ती अँटिबॉडी चिकटते. अस्थिमज्जेत रक्ताची मूलपेशी १०,००० पेशींत जेमतेम एक. तिथं शेकडा एक पेशी मेलेली असेल, तर एका खऱ्या पेशीमागे शंभर मेलेल्या. मेलेल्या पेशी बाजूला काढणारा रंग घालायला कुणी विसरलं, तर त्या शंभरातल्या चार-दोन जरी गेटमध्ये, म्हणजे हव्या त्या पेशींसाठी आलेखावर आखलेल्या चौकटीत, शिरल्या तरी दिवस वाया. कोलॅजिनेज जिवाणूंपासून मिळतं, त्यामुळे त्याचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो. आणि प्रोटोकॉलमध्ये काय लिहिलेलं असतं? ‘ऊती बारीक चिराव्यात.’ किती बारीक, हे चिरणाऱ्यानं ठरवायचं.

म्हणून विनंती. अनुदानाच्या अहवालात गेटिंगच्या चित्रासोबत कोलॅजिनेजचा लॉट, तुकड्यांचा आकार, तापमान, मिनिटं, हलवण्याची रीत आणि जिवंत पेशींचं प्रमाण मागा. आणि एकाच ऊतीवर काम करणाऱ्या दोन प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांना आठवडाभर एकमेकांकडे जाऊन बसता येईल एवढा प्रवासखर्च मंजूर करा. प्राध्यापकांना नव्हे, तंत्रज्ञांना. चिमटा त्यांच्या हातात असतो.

कळावे,
आपली,
सायटोमीटरवर बसणारी एक तंत्रज्ञ