बुद्धिमत्ता चाचणीचे मार्क म्हणजे पोराची अक्कल नव्हे!

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतात आणि घरात बोलणी सुरू होतात. "त्याचा नंबर लागला, आपलं पोरगं ढच!" मंडळी, असा शिक्का मारण्याआधी ही चाचणी मोजते तरी काय, ते बघा.

शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात ७५ पैकी ५० प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमतेचे. संख्यामाला, सांकेतिक भाषा, आरशातलं घड्याळ. डोकं लागतं, मान्य. पण सरावाने मार्क वाढतात, म्हणूनच तर क्लास चालतात. मग क्लासची फी भरणारा बाप आणि दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारा बाप, हा फरकही त्याच मार्कांत येतो. आपल्या झरी-जामणी तालुक्यात कोलाम पोडावरचं लेकरू घरी कोलामी बोलतं. मराठी प्रश्न समजून घेण्यात त्याचा जो वेळ जातो, त्याचा रकाना गुणपत्रिकेत नसतो.

ही चाचणी मुळात निघाली कशासाठी? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ती तयार केली, शाळेत मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुलं शोधण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्यांचं पुस्तक १९४० चं. मुलाच्या भाषेत विचारल्याशिवाय बुद्धी मोजता येत नाही, हे तेव्हापासून ठाऊक आहे. आणि आपण? मदतीसाठी काढलेली चाचणी पोरं गाळायला वापरतो.

चाचणी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी बुद्ध्यांक तपासतात. २०१६ च्या कायद्याचे लाभ त्या कागदावर अडतात. वाचताना अक्षरं अडखळणाऱ्या पोराचं डोकं शाबूत आहे, हेही याच तपासणीत दिसतं आणि त्याला दहावीला सवलत मिळू शकते. पण मुकुटबनहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. दोन चकरा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून कित्येक मायबाप जातच नाहीत.

माझी मागणी साधी आहे. तपासणीचं शिबिर तालुक्यातच, तारीख आधी जाहीर करून, दरवर्षी घ्या. सोबत कोलामी आणि गोंडी जाणणारा माणूस बसवा. आणि ज्याला मार्क कमी पडले, त्याचे आधी डोळे तपासा, कान तपासा, वाचन तपासा.

नंबर लागलेल्या पोरांचं अभिनंदनच. राहिलेल्यांचं काय, ते लोकप्रतिनिधींनी सांगावं.