मुलाला लपायला लावू नका



मागच्या पौर्णिमेला कडाव भागातील एक माता विहारात मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माझ्या पोराचं मन पोरींकडे नाही. लगीन लावलं तर सुधरेल का?"

मी तिला एका कंडक्टरची गोष्ट सांगितली. कर्जत-कडाव एसटीचा नव्हे, वाद्यवृंदाचा. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक. त्यात गायक आणि वादक यांना छडीच्या इशाऱ्यावर एका तालात ठेवतो तो कंडक्टर.

यानिक नेझे-सेगँ यांचा जन्म १९७५ साली कॅनडातील माँट्रियलचा. दहाव्या वर्षीच त्यांनी कंडक्टर व्हायचे ठरवले. २०१२ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाची आणि २०१८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची सूत्रे हाती घेतली. बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले ते हेच न्यूयॉर्क. १८८३ साली सुरू झालेल्या या संस्थेने काळ्या संगीतकाराचा ऑपेरा प्रथम सादर केला तो थेट २०२१ साली. टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या त्या ऑपेराची छडी यानिक यांच्याच हाती होती.

हे यानिक समलिंगी आहेत. त्यांनी ते लपवले नाही. व्हायोलावादक पिएर तुर्वील हे त्यांचे जोडीदार.

"पण आपल्यात हे चालतं का?" मातेने विचारले. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकील बाबासाहेब होते. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी असा विषय वर्ज्य मानला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, तो बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेऊनच.

शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव लपवणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. लपून जगण्याचा जाच आपल्याला कोणी शिकवायला नको. मग तोच जाच पोटच्या मुलाला का द्यायचा? जबरदस्तीच्या लग्नाने त्याचे मन बदलत नाही. उलट परक्याच्या लेकीचाही जन्म वाया जातो.

ती माता बराच वेळ गप्प होती. निघताना म्हणाली, "मुलगी बघायला रविवारी जायचं होतं. नाही जात." घरी गेल्यावर मुलाशीही बोल, एवढेच मी तिला सांगितले.