पीएफ मोडू नका, हलवा

नोकरी सुटली की पीएफ काढून घ्यायचा, हा आमच्या खासगी विनाअनुदानित शाळांतला अलिखित रिवाज झाला आहे. क्लार्क फॉर्म पुढे करतो आणि स्टाफरूम सल्ला देते, "घेऊन टाका मॅडम, सरकारकडे कशाला अडकवता?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, हिशेब माझा विषय नाही. पण या सल्ल्यातला तोटा दाखवायला गणिताचा शिक्षक लागत नाही.

मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पीएफमध्ये नव्हे, तर 1995च्या पेन्शन योजनेत जातात. एकूण 10 वर्षांची सेवा भरली की 58व्या वर्षापासून पेन्शन मिळते. आता 15,000 रुपये पगाराची एक शिक्षिका घ्या. चार शाळा, प्रत्येकी तीन वर्षे. दर वेळी 10-सी फॉर्म भरून तिने पेन्शनचा हिस्साही काढला, तर सेवा पुन्हा शून्यावर. 12 वर्षे शिकवूनही पेन्शन नाही. खाते हलवत नेले असते तर 15,000 गुणिले 12 भागिले 70, म्हणजे महिन्याला सुमारे 2,571 रुपये, हयातभर. रक्कम मोठी नाही, पण म्हातारपणी औषधासाठी मुलांपुढे हात पसरण्यापेक्षा बरी. शिवाय पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र ठरतो. खाते हलवले तर आधीच्या नोकरीची वर्षेही त्या पाचांत धरली जातात.

"पण गरज असते ना!" असतेच. आजारपण, लग्न, शिक्षण, घर यांसाठी नियमात बसेल तेवढी रक्कम खाते चालू ठेवून काढता येते. ती परत भरावी लागत नाही आणि पेन्शनच्या सेवेलाही धक्का लागत नाही. गरजेपुरते काढणे वेगळे आणि खाते मोडणे वेगळे.

आपल्यातले काही जण व्याजाचे कारण देतात. त्यांना माझा साधा सवाल आहे: खाते मोडले तरी जमलेले व्याज त्याच रकमेत हातात येते ना? मग मोडून काय साधले? सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफवरची वाढ रिबा नाही, असे मत मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या आलिमांनी मांडले आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे, पण क्लार्कला मुफ्ती करू नये.

खरा राग संस्थाचालकांवर आहे. नोकरी सोडल्याची तारीख ते नोंदवत नाहीत. आधारवर 'मोहम्मद', पीएफमध्ये 'मो.', कुठे 'शेख' आधी तर कुठे शेवटी. एवढ्यावर खाते अडते, आणि कंटाळलेला शिक्षक ते मोडायला तयार होतो. म्हणून नाव नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की सोडल्याची तारीख तुम्ही स्वतः ऑनलाइन नोंदवू शकता. नव्या शाळेत जुनाच यूएएन द्या आणि खाते हलवण्याचा अर्ज करा. संस्थेने कायम केले नाही, निदान आपली वर्षे तरी तिच्या दारात सोडून येऊ नका.