आधी जाळी, मग ओळख

पिल्लं किती दिवसांची, कुठल्या हॅचरीची, लासोटा दिली का, हे आपण दवाखान्यात येणाऱ्या पालकाला न चुकता विचारतो. घरात आणखी कोण आहे, हे विचारायचं मात्र राहून जातं. परसात किंवा गच्चीवर पाच-दहा वनराजा, गिरिराजा पाळणाऱ्यांकडे ससाही असतो, आणि मांजर तर असतंच. हा प्रश्न केसपेपरावर यायलाच हवा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती सशाच्या बाबतीत. दोन्ही जीव गरीब म्हणून मुलं पिल्लांना हौसेनं सशाच्या पिंजऱ्यात सोडतात. पण पहिल्या आठवड्यात पिल्लाला ब्रूडरखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, तर ससा तिशीच्या पुढं धापा टाकू लागतो. ओल्या तुसातून उठणारा अमोनिया सशाच्या श्वासनलिकेला बाधतो. सशाच्या नाकात निमूट राहणारा पाश्चुरेला कोंबड्यांनाही आजारी पाडू शकतो. आणि खाद्य! चिक स्टार्टरमध्ये बहुधा रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. त्यातली नॅरासिनसारखी औषधं सशाला विषारी आहेत. पोत्यावरचं लेबल पालकाकडून वाचून घ्या.

मांजराबद्दल एवढंच सांगायचं, की भरवसा ठेवू नये. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावावी, वरूनही बंद करावी. दात नुसता टोचलेला दिसला तरी पिल्लाला त्याच दिवशी तपासावं. जखम बारीक असते, जंतू खोल जातात.

आता कोंबड्यांची कोंबड्यांशी गाठ. कळपातला चोचीचा क्रम नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एबे यांनी १९२२ मध्ये शास्त्रीय रीतीनं मांडला. नवा पक्षी आला की तो क्रम पुन्हा लागतो आणि चोची चालतात. बाहेरून आणलेली पिल्लं आधी तीन-चार आठवडे वेगळी ठेवावीत, त्यांची भांडीही वेगळी. पिसं भरून ब्रूडर सुटला, अंगानं तलंगा थोड्या भरल्या, की त्यांना जुन्या कोंबड्यांच्या शेजारी, पण जाळीपलीकडं आठवडाभर ठेवावं. पहिल्या दिवशी जुनी कोंबडी मानेची पिसं फुलवून जाळीवर चोच मारते. चार-पाच दिवसांत तीच जाळीला पाठ करून माती उकरू लागली, की समजावं, आता सोडायला हरकत नाही. तोवर दार उघडू नये.

एकत्र सोडताना दोन ठिकाणी खाद्य, दोन ठिकाणी पाणी आणि फक्त लहानांनाच शिरता येईल अशी फळीखालची फट ठेवावी. लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते वाढत्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर द्यावं आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. हे सांगायला आपल्यातलेही पुष्कळ जण विसरतात.

पाठलाग, एखाददुसरा टोचा चालायचाच. रक्त दिसलं, की मात्र तो पक्षी लगेच बाजूला घ्यावा, कारण लाल डागावर सगळा कळप तुटून पडतो. जखम भरायला आठ-दहा दिवस गेले, तर त्यालाही थेट कळपात न सोडता पुन्हा जाळीआडून सुरुवात करावी.