तार लागू द्या

नागपूरकडे किंवा दिल्लीकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींना मंचेरियल ठाऊक असते ते झोपेत मागे पडणारे एक स्टेशन म्हणून. काझीपेठला चहा होतो, गोदावरीच्या पुलावर गाडी खडखडते, कुणीतरी झोपेतच नदीला हात जोडतो, आणि पुन्हा डोळा उघडतो तो बल्लारशाला. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचा कारखाना यांपलीकडे या गावाची आपल्याकडे ओळख नाही. माझी थोरली बहीण लग्न होऊन तिकडे गेली म्हणून मला ती झाली, नाहीतर मीही पुलावर हात जोडणाऱ्यांतलाच.

अलीकडे मात्र आपल्या सुलतान बाजार-काचीगुड्याच्या घरांतून मंचेरियलचे नाव वारंवार कानी येऊ लागले आहे, ते सहलींमुळे. पौष आला की केसलापूरच्या नागोबाची जत्रा, माघात गांधारी मैसम्मेची जत्रा, दिवाळीला गोंडांचा गुसाडी नाच. रात्री मंचेरियलला मुक्काम करायचा आणि एका दिवसात जत्रा, जंगल नि किल्ला असे तिन्ही उरकून यायचे, असा हा प्रकार. या सहलींना मी नावे ठेवणार नाही. आपल्यातले बरेचजण साठीच्या पुढचे. गुडघे धड नाहीत, जमिनीवर अंग टाकायची सवय सुटलेली. अशा माणसाने घराबाहेर पडून शंभर कोसांवरची जत्रा पाहावी हे चांगलेच. माझी तक्रार एवढीच की आपण पाहायला जातो आणि ऐकायला थांबत नाही. संगीतशिक्षकाची ही व्यावसायिक खोड आहे असे कुणी म्हटले तर म्हणो.

तीन वर्षांपूर्वी मीही अशाच एका सहलीत होतो. सकाळी सहाला बस निघाली. लक्सेट्टीपेठ, जन्नाराम, मग कव्वालच्या अभयारण्यातला साग, पुढे उटनूर. इंद्रवेल्लीला १९८१ च्या २० एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात गोंड माणसे मारली गेली, त्यांचा स्मारकस्तंभ आहे. तो खिडकीतून दाखवण्यात आला, आणि कळेपर्यंत मागे गेला. दहाच्या सुमारास केसलापूर. गर्दी, पाळणे, बांगड्यांची दुकाने, चार कर्ण्यांतून चार वेगवेगळी गाणी. देवळासमोर रांगेत तास गेला. बाराला जेवण, एकला बस. येताना गांधारी किल्ला होता. पण बोक्कलगुट्ट्याला पोचलो तेव्हा अंधारून आले होते, म्हणून पायथ्याला उभे राहून एक फोटो काढला आणि किल्लाही झाला! (तो किल्ला मी नंतर भाच्याबरोबर एका सकाळी नीट पाहिला. खडकात खोदलेली पाण्याची टाकी, कातळावरचा कोरीव नागशेष, वर चढताना अंगाशी येणारी शांतता. दोन तास त्यालाच हवेत, आणि उन्हे चढण्याआधीचे हवेत.)

परतीच्या वाटेवर बसमध्ये एक बाई म्हणाल्या, "पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं हो." त्या खोटे बोलत नव्हत्या. आम्हाला दिसले तेवढ्यात खरोखरच फारसे काही नव्हते.

आता आम्ही काय पाहिले नाही ते सांगतो. नागोबा हा गोंडांतल्या मेसराम कुळाचा देव. पौषी अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा होते, आणि तिला गोदावरीचे पाणी लागते. ते पाणी मेसराम मंडळी जन्नारामजवळच्या कलमडुगू गावच्या हस्तिनमडुगू डोहातून आणतात, पायी आणि अनवाणी, मुक्काम करीत. जाऊन येऊन कित्येक दिवस मोडतात. केसलापूरला परत आल्यावर वडाच्या झाडांखाली उतरायचे, अमावास्येची वाट पाहायची. पूजेनंतर कुळातल्या नव्या सुना पांढरे लुगडे नेसून देवापुढे येतात. ती त्यांची देवाशी भेट, तिच्यावाचून सून कुळात पुरती आली असे धरत नाहीत. आमच्या बसने तीच वाट तीन-साडेतीन तासांत कापली, आणि तीतही रस्त्याच्या खड्ड्यांवरून कुरकूर झाली. कलमडुगूचा फाटा कधी गेला ते कुणाला कळलेही नाही.

या सगळ्या विधीला वाद्य लागते. ते वाजवणारे परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. एकेका गोंड घराण्याचा परधान ठरलेला. लग्न, मर्तिक, कुलदेवाची पूजा, जे काही असेल तिथे त्याने यायचे, कुळाची कथा गायची, आणि यजमानाने धान्य, वस्त्र, ऐपत असेल तर गुरे द्यायची. त्याचे वाद्य किकरी. तीन तारा, लहानसा गज. आपल्या जुन्या जोग्यांची किंगरी हिचीच बहीण असावी असे नाव ऐकून वाटते. आवाज लहान, जरा घोगरा, जवळ बसणाऱ्यासाठीच केलेला. चार कर्ण्यांपुढे तो ऐकू येणे शक्यच नव्हते.

इथे माझ्या वडिलांविषयी थोडे लिहावे लागेल. ते दिलरुबा वाजवीत. १९४४ साली निजामाच्या दरबारी वादकांत त्यांची नेमणूक झाली तेव्हा ते विशीतही नव्हते. चार वर्षांनी, १९४८ च्या सप्टेंबरात, संस्थान गेले. दरबार नावापुरता काही वर्षे चालला आणि १९५६ ला तेही संपले. पुढची सगळी हयात त्यांनी शिकवण्या करून काढली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे मला दरबार दिसला नाही, दिसली ती त्यांची एक सवय. कुणी ऐकायला आले की ते वाद्य लावायला घेत आणि मुद्दाम वेळ लावीत. तरफेची एकेक तार. पाच मिनिटे, दहा, पंधरा. पाहुणा घड्याळाकडे बघू लागला की त्याला एक सोपी धून वाजवून दाखवीत, चहा देत आणि वाटेला लावीत. जो बसून राही त्याला रात्र उलटेपर्यंत वाजवून दाखवीत. आई यावरून चिडायची. शिकवणीची माणसे अशाने तुटतात म्हणायची. तुटलीही काही.

पुढच्या पौषात मी बहिणीकडे गेलो आणि सहलीवाचून, एसटीच्या गाडीने, केसलापूरला पोचलो. गर्दीचा दिवस उलटून गेला होता. रात्री वडाखाली शेकोट्या होत्या, कर्णे थकले होते. एक म्हातारे परधान किकरी मांडीवर घेऊन बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो, आणि मोडक्या तेलुगूत विचारले, वाजवाल का? त्यांनी वर न बघता उत्तर दिले ते मराठीत. "बसा नं भाऊ. तार तर लागू द्या."

मी बसलो. तार लागायला वेळ लागला. मग त्यांनी गायला घेतले, गोंडीत; ओळ गळ्याने म्हणायची आणि तीच किकरीवर परत आणायची, आणि शेजारचा नातू शेवट उचलायचा. मला शब्द कळत नव्हता. मध्येच थांबून ते मराठीत सांगत, आता लिंगो निघाला, आता देव गुहेत कोंडलेले आहेत. ही गोंडांची मूळकथा आहे, आणि तिच्या एका पाठात गुहेच्या तोंडची शिळा हलवताना हिरासुका नावाच्या वादकाचा जीव जातो. परधान त्याला आपला मूळपुरुष मानतात. रागाचे नाव देता येईल असे त्यात काही नव्हते; पण एक स्वर असा नेमक्या जागी, जरासा उतरून, पुन्हा पुन्हा येत होता, की तो गंधार चुकला आहे असे म्हणायची माझी छाती झाली नाही.

"मराठी कुठं शिकलात?" मी विचारले.

"शिकाची कायले? घरचीच हाय."

हे मला ठाऊक असायला हवे होते. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी, आणि गाण्याची गोंडी, हे हैमेनडॉर्फ साहेबांनी केव्हाच लिहून ठेवले आहे. आपण हैदराबादचे मराठी लोक स्वतःला इथले जुने रहिवासी म्हणवतो. १९०७ ची विवेकवर्धिनी, आपली ग्रंथालये, आपले गणपती यांचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्तच आहे. १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आदिलाबादचे राजुरा आणि किनवटही तुटून तिकडे गेले, आणि आपण अलीकडे राहिलो, ही आपली ठरलेली कहाणी. तेव्हा अलीकडे आणखी कोण राहिले याची आपण कधी मोजदाद केली का? आपल्या संमेलनांच्या व्यासपीठांवर मी पंचवीस वर्षे पेटी वाजवतो आहे. परधान हा शब्द तिथे एकदाही ऐकला नाही. गुंजाळा गावी गोंडी लिपीतल्या जुन्या पोथ्या सापडल्या तेव्हा त्यांची वाखाणणी सगळीकडे झाली. त्या परंपरेतल्या माणसांच्या घरात बोलणे मराठीत चालते, ही गोष्ट आपल्या चर्चेतून निसटली.

परत आल्यावर मी उत्साहाच्या भरात एक चूक केली. एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात त्या परधान आजोबांना बोलवावे असा आग्रह धरला. कार्यकारिणीने मान्य केले. आजोबा नातवाला घेऊन रेल्वेने आले. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना दहा मिनिटे होती, भावगीते आणि बक्षीस समारंभ यांच्या मध्ये. दालन थंड हवेचे. किकरीच्या तारा उतरल्या. आजोबा रंगमंचावर बसून तारा लावू लागले. दोन मिनिटे झाली, चार झाली. प्रेक्षकांत खोकला सुरू झाला. पडद्यामागून मला खुणा होऊ लागल्या. आणि मी, दिलरुबा लावणाऱ्या माणसाचा मुलगा, पुढे वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "बाबा, आटोपतं घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग तारा तशाच ठेवून एक लहानसे काहीतरी वाजवले. टाळ्या पडल्या. नारळ आणि शाल देण्यात आली. स्टेशनवर सोडताना ते चांगले बोलले, रागाचा एक शब्द नाही. वडील सोपी धून वाजवून पाहुण्याला वाटेला लावीत, तसे त्यांनी आम्हा सगळ्या सभागृहाला वाटेला लावले होते, हे माझ्या ध्यानात आले ते घरी आल्यावर.

म्हणून मी आता त्यांना इकडे बोलवा असे म्हणत नाही. आपण तिकडे जावे. हैमेनडॉर्फ परदेशातला माणूस. १९४० साली कोमरम भीम मारला गेल्यानंतरच्या अस्वस्थ दिवसांत या डोंगरांत आला, बायकोसह मारलावाईला घर करून राहिला, १९४८ ला त्याचे राजगोंडांवरचे पुस्तक निघाले आणि पुढे अनेक दशके तो येतच राहिला. त्या दोघांचे स्मारक त्याच गावात आहे. आपण कुणी तेवढे राहावे असे मी म्हणत नाही, एक रात्र म्हणतो. त्याच मारलावाईच्या कनकराजूंना गुसाडी नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी गुसाडी हा शब्द प्रथम ऐकला. २०२४ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ते गेले. मी त्यांचा नाच समोर बसून कधी पाहिला नाही. मंचेरियलला दर दिवाळीच्या भाऊबीजेला जात होतो तरी नाही.

कुणी म्हणेल, तिकडच्या लोकांना आपली गर्दी हवी कशाला? हा आक्षेप खरा आहे. महापूजा मेसरामांची आहे. तिथे मान उंचावून फोटो घेणाऱ्यांची काही गरज नाही. देऊळदेखील त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून दगडी बांधून घेतले, २०२२ साली त्याची प्रतिष्ठा झाली. दरबाराच्या दिवशी मंत्री आणि अधिकारी येतात, लोकांची गाऱ्हाणी ऐकली जातात. १९४० च्या दशकापासूनची ही प्रथा, तीही त्यांच्या कामाची, आपल्या करमणुकीची नव्हे. हे दोन्ही दिवस सहलवाल्यांनी सोडावेत. जत्रा पुढेही दिवसचे दिवस भरलेली असते. गांधारी वेगळ्या दिवशी, सकाळी करावा. आणि परधानाला पाच-दहाच्या नोटा फेकू नयेत. गवयाला देतो तशी बिदागी द्यावी, दोन्ही हातांनी, ऐकून झाल्यावर.

या पौषात मी पुन्हा जाणार आहे. आजोबांनी मला बसा म्हटले तर बसेन. नाही म्हटले तरी वडाखाली सगळ्यांनाच बसता येते. वडिलांच्या पेटीत राळेचे दोन खडे अजून आहेत, त्यातला एक किकरीच्या गजासाठी बरोबर घेतला आहे. कुणाला सोबत यायचे असेल तर या पत्राच्या कचेरीत माझ्या नावे चिठ्ठी ठेवावी. मंचेरियलला ताईकडे चार माणसांची सोय होते. पाचव्याने स्वतःची सतरंजी आणावी.